उतरवलेली दोरी

फार पूर्वी वैरंतनगरीच्या गादीवर राजा मणिभद्र असताना बोधिसत्त्व त्याच्या पदरी मंत्री होऊन जन्मला होता. त्याचे नाव सोमरक्षित.

राजाच्या आजोबांनी रानातले हत्ती पकडून न्यायला सुरुवात केली, म्हणून रानात राहणाऱ्या रानकऱ्यांनी बंड केले. आता त्या बंडखोरांचे नातू बाण सोडत होते. बोलणी तीनदा झाली आणि तीनदा एकाच जागी मोडली. सेनापती म्हणे, "आधी धनुष्यं जमिनीवर ठेवा." रानकरी मुकाट उठून जात, आणि मागोमाग एखादे गाव जळे.

चौथ्यांदा सोमरक्षित निघाला, तेव्हा बायको दारात आडवी आली. त्यांचा एकुलता एक मुलगा रानकऱ्यांचा नायक कंदल याच्या बाणाने पडला होता.

"त्याच्याशी तुम्ही काय बोलणार?"

"त्याच्याशीच बोलायला हवं. ज्यांनी आपलं काही नेलं नाही, त्यांच्याशी भांडण कुठं आहे?"

तो निःशस्त्र रानात गेला आणि कंदलला त्याने सरळ विचारले, "धनुष्य खाली ठेवायला हरकत काय?"

"माणूस मेला की त्याचं धनुष्य आम्ही जमिनीवर ठेवतो. तुमचा सेनापती आम्हाला जिवंतपणी मढं व्हायला सांगतो. सोयऱ्याकडे गेलो तर दोरी उतरवून त्याच्या हाती देतो."

इतक्या वर्षांत एवढे साधे कुणी विचारलेच नव्हते. दरबारातली शहाणी माणसे ती.

सोमरक्षिताने परत येऊन राजाला सुचवले, की रानकऱ्यांनी धनुष्ये खाली न ठेवता नुसती दोरी उतरवून द्यावी. सेनापती भडकला. "दोरी क्षणात चढते, महाराज. ही काही शरणागती नव्हे."

"नव्हेच," सोमरक्षित म्हणाला. "आपल्याला तह हवा आहे. दगा झालाच तर पहिला बाण मी घेईन. मी मध्ये बसतो."

राजाने मान डोलावली.

नदीच्या उतारावर दोन्ही बाजू जमल्या. कंदलने दोरी उतरवून सोमरक्षितापुढे धरली. "लपवून देणार नाही. तुझा मुलगा याच दोरीच्या बाणानं पडला."

सेनापतीचा हात तलवारीकडे गेला. सोमरक्षिताच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्याला कंदलचा गळा धरावासा वाटला, आणि त्याहून जास्त, उठून घरी जावेसे वाटले. मग त्याने दोरी घेतली आणि आपल्या मनगटाला गुंडाळली.

"बस," तो म्हणाला. "हत्तींपासून सुरुवात करू."

तह झाला. हत्ती रानाचे राहिले आणि गावे जळायची थांबली.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "तो राजा म्हणजे आपला आनंद. पूर्वी शस्त्र चालवले म्हणून ज्याच्या शेजारी भिक्षा खायला बसायला तुम्ही आज कचरता, तो भिक्षू तेव्हा कंदल होता. आणि मंत्री मीच होतो. जिथून उठून जावेसे वाटते तिथे काम होईतो बसून राहणे, याला अधिष्ठान म्हणतात."

भिक्षू सरकले आणि त्यांनी त्याला जागा करून दिली.