राहिलेला धडा

मुलांनो, मोहाच्या झाडांनी भरलेल्या एका जंगलात अस्वलाचं राज्य होतं. तिथे एक सशीण नुकतीच लग्न होऊन आली होती. ती बोलायची कमी, बघायची फार. त्याच जंगलात जांभळीखाली एक म्हातारी वानरी रोज सकाळी शाळा भरवत असे. अंथरुणाला खिळलेल्यांना कुशीवर कसं वळवावं, आधार देऊन कसं बसवावं, हे ती शिकवी. शिकणाऱ्यांना पोटासाठी भटकावं लागू नये म्हणून राजाच्या भांडारातून त्यांना उंबरं मिळत. सशिणीचे सासरे फार थकले होते, म्हणून तीही तिथे जाऊ लागली.

एके दिवशी प्रधान कोल्हा म्हणाला, "महाराज, म्हाताऱ्यांची सेवा ही काय शिकायची गोष्ट आहे? मनात माया असली की हात आपोआप चालतात. उंबरं कशाला घालवायची?" राजाला स्वतःच्या मायेविषयी तिळमात्र शंका नव्हती. त्याने मान हलवली. उंबरं बंद झाली, शिकणारे पोटामागे पांगले आणि वानरी नदीपलीकडे भाचीकडे निघाली.

"आजी, अजून बरंच राहिलं की," सशीण म्हणाली.

"राहिलं खरं. बसवायला शिकलीस ना? तेवढं तरी विसरू नकोस."

थंडी पडली आणि राजाची आई आजारी पडली. दात तर कधीच गेले होते. मायेला मात्र तोटा नव्हता! आडव्या पडलेल्या म्हातारीच्या तोंडात रानडुकराने मध ओतला. कोल्ह्याने अख्खं उंबर कोंबलं. "एवढं खाच आईसाहेब, माझी शपथ!" म्हातारीला असा ठसका लागला की जीव जातो की राहतो असं झालं. त्यानंतर तिने तोंड मिटलं ते उघडेचना. घास दिसला की ती मान फिरवी.

सशीण सासऱ्यांना रोज उठवून बसवते, हे कुणीतरी राजाच्या कानावर घातलं. ती आली. दात नसलेल्या तोंडाची भीती ती काय! तिने रानडुकराला हात लावायला सांगून म्हातारीला खडकाला टेकवून नीट बसवलं. म्हातारीचा श्वास मोकळा झाला.

"शाब्बास! आता भरव," राजा म्हणाला.

"महाराज, बसवायचं मी शिकले. भरवायचा धडा दुसऱ्या दिवशी होता. त्याच दिवशी उंबरं बंद झाली."

कोल्हा आपल्या शेपटीकडे पाहू लागला. राजा तडक निघाला. तो नदीत उतरला आणि वानरीला स्वतःच्या पाठीवर बसवून घेऊन आला. तिने उंबर कुस्करलं, म्हातारीची हनुवटी किंचित खाली केली आणि बोटभर गर ओठांना लावला. "गळा हललेला दिसल्याशिवाय दुसरा घास नाही," ती सशिणीला म्हणाली. एक उंबर संपायला दुपार झाली.

म्हातारीने ओठ चाटले आणि लेकाकडे पाहिलं. "बाबा रे, तुम्ही सगळे मला प्रेमाने मारत होता."

दुसऱ्या दिवसापासून उंबरं पुन्हा सुरू झाली. कोल्हा शाळेत आला. 'पाहणी करायला आलोय,' म्हणाला आणि मागे बसला. सगळे उठून गेले तरी तो बसलेलाच होता. त्याच्या मिशा पांढऱ्या होऊ लागल्यात, हे फक्त सशिणीला दिसलं.

तात्पर्य : माया मनात असली तरी घास हातानेच भरवावा लागतो, आणि हाताला गरज पडण्याआधी शिकवावं लागतं.