उंदरीण आणि पेटती वात

माणसं अजून झावळ्यांनी घरं शाकारत होती, तेव्हाची ही गोष्ट. सगुणा नावाच्या बाईच्या छपरात एक उंदरीण राहायची. तिची तीन पिल्लं अजून डोळेही न उघडलेली होती. परसातल्या म्हाताऱ्या घुशीला ती मावशी म्हणे.

एका सकाळी सगुणा देवापुढचा दिवा तसाच जळता ठेवून विहिरीवर गेली. तेलात भिजलेली वात पाहून उंदरणीच्या तोंडाला पाणी सुटलं. तिने ती ओढली, तशी ज्योत फडफडून विझली.

"टोक अजून लाल आहे. घरट्यात नेऊ नकोस," परसाच्या दारातून घूस म्हणाली.

"तेवढ्याने काय होतंय, मावशी?"

तिने वात वर नेऊन घरट्याशेजारी खोचली. थोड्याच वेळात वाळक्या झावळ्यांनी पेट घेतला.

"पिल्लं घे, खाली उतर आणि भुईला पोट लावून बाहेर ये. धूर वरच्या वर राहतो," घूस दारातून ओरडली. उंदरणीने तसंच केलं. एकेक करून तिन्ही पिल्लं तिने परसात आणून ठेवली. मग ती पुन्हा वळली.

"आता कुठे निघालीस?"

"साठवलेलं भात आत राहिलंय. पावसाळ्यात काय खाऊ? एवढ्यात आले बघ."

"भात पुन्हा पिकेल. जाऊ नकोस."

पण ती गेली. सगुणा धावत आली तेव्हा छप्पर खाली बसलं होतं.

घुशीने पिल्लांना पोटाशी घेतलं. पिल्लं दिवसभर तिला लुचत राहिली. पण म्हातारीच्या अंगात दूध कुठलं?