चिनी मातीचे कप

चिनी माती ओवळी, तिची भांडी घरात आणायची नाहीत आणि का ते विचारायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. पण कॉलेजातल्या मैत्रिणी प्रथमच चहाला येणार होत्या, म्हणून बेळगावच्या कॅम्पात इस्माईलशेठच्या दुकानी मी कप निवडले.

खरेदीला आत्या आणि धोंडूकाका बरोबर होते. काका गरजले, "ठेव ते. धर्म बुडवायला शिकवलं का तुला?"

"मग तुमच्या लोणच्याची बरणी कसली हो, काका?"

काका अडखळले. "चिनी मातीचीच. पण ती पणजीच्या वेळची. जुनं झालं की चालतं."

"मग हे आजच घेऊ. तेवढेच लवकर जुने होतील."

शेठ दाढीत हसले. आत्या म्हणाली, "अंबे, मुकाट्याने ठेव."

"नाही ठेवणार, आत्या."

काकांनी आत्याकडे पाहिलं, आत्याने काकांकडे. मी कप शेठपुढे बांधायला सरकवले.