जाईबाईंचा श्वास

“मग आता उरलंय काय, भंते?”

प्रज्ञेश खोब्रागडे विचारत होता. कॉलेजात प्राध्यापक. डोंगरावरच्या ध्यानकेंद्रातून नुकताच उतरला होता आणि वस्तीतल्या विहारात भंते सुमेध यांच्यासमोर ताठ बसला होता.

“आत येणारा श्वास दिसतो. बाहेर जाणारा दिसतो. मन जागचं हलत नाही. सोबतचे कितीतरी जण मधेच उठून घरी गेले. मी शेवटपर्यंत बसलो.”

“छान,” भंते म्हणाले. “इथं बस बरं जरा.”

प्रज्ञेशने डोळे मिटले.

विहाराच्या मागेच शहराचा कचरा डेपो होता. दिवस कलला की ठेकेदाराची माणसं तिथं वायरी जाळून तांबं काढत; त्याच आगीने कचऱ्याचे ढीग रात्रंदिवस धुमसत. जळक्या प्लास्टिकचा धूर हळूहळू आत शिरला. कोपऱ्यात कुणीतरी खोकू लागलं. खोकला थांबेना…

प्रज्ञेशने डोळे उघडले.

“भंते, या आजींना बाहेर बसवता येईल? एकाग्रता मोडते.”

“बाहेर धूर जास्त आहे.”

“मग खिडकी लावू.”

“लावलेलीच आहे.”

भंते उठले. प्रज्ञेशला उठवून त्यांनी त्याचं आसन उचललं आणि नेऊन त्या म्हातारीशेजारी टाकलं.

“आज हिचा श्वास बघ.”

“हिचा? पण भंते, आनापान म्हणजे तर आपल्याच श्वासावर ध्यान…”

भंते आपल्या जागी जाऊन बसले.

जाईबाई रामटेके. सगळा जन्म भाजी विकण्यात गेला. विडीला कधी हात लावला नाही. डॉक्टर म्हणाले होते, फुप्फुसं मात्र ओढणाऱ्याचीच झालीत.

प्रज्ञेश बघू लागला. मनातून नाराजच होता.

श्वास शिटीसारखा वाजत आत गेला. आत गेलेला दिसला. बाहेर येणारा… दिसेना.

जाईबाईंनी त्याचं मनगट घट्ट धरलं. डोळे मोठे झाले. ओठ काळसर पडले.

“पंप!” प्रज्ञेश ओरडला. “कुणाकडे दम्याचा पंप आहे का?”

विहारात आलेल्या बायांनी आपापल्या पिशव्या उघडल्या. एकीने लेकराचा पंप पुढे केला, दुसरीने नवऱ्याचा, तिसरीने स्वतःचा.

बऱ्याच वेळाने जाईबाईंना बोलता आलं.

“आडवं पडलं का छातीवर कोनी बसल्यावानी होते, बाप्पा. रातभर भिंतीले टेकून राहा लागते.”

प्रज्ञेशने भंतेंकडे पाहिलं. भंते आपल्या जागी शांत बसले होते.

तो उठला, चपला घातल्या आणि थेट डेपोच्या रस्त्यावर जाऊन उभा राहिला. वायरींनी भरलेला ट्रक समोरून आला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, शिव्या दिल्या. प्रज्ञेश हलला नाही. मागे वळून पाहिलं, तर पंप देणाऱ्या त्या तिघी येऊन उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी अख्खी वस्ती आली.

उन्हाळा तिथंच गेला. साहेब लोक आले, समजावून गेले. ठेकेदार धमकावून गेला. रस्ता कुणी सोडला नाही. शेवटी अग्निशमनच्या गाड्या आल्या, धुमसते ढीग विझले आणि डेपोच्या फाटकावर पहारा बसला.

वस्तीने प्रज्ञेशला खांद्यावर घेतलं. पेपरात फोटो आला. “आमचे सर,” बाया दिसेल त्याला तो फोटो दाखवत आणि मग त्यातले स्वतःचे पदर शोधत.

भर दुपारी, गळ्यातला हारही न काढता, तो विहाराच्या पायऱ्या चढला.

“भंते! आग विझली! भल्याभल्यांनी हात टेकले होते तिथं. मी मागं हटलो नाही. ठेकेदाराला तोंडावर सांगितलं, अंगावरून ट्रक ने, पण…”

भंतेंनी ओठांवर बोट ठेवलं.

खिडकी सताड उघडी होती. तिच्याखाली चटईवर जाईबाई कुशीवर वळून पडल्या होत्या. पोट संथ हलत होतं.

“हळू बोल,” भंते म्हणाले. “आजी आडवी होऊन झोपली आहे.”