न संपणारी साडी

कपडे पेटीत आपसांत बोलत, त्या काळची गोष्ट. एका पेटीत जुनं सुती लुगडं आणि पॉलिएस्टरची साडी शेजारी होती.

“तू दर धुण्याला विरतंस,” साडी म्हणायची. “मी कधी संपणार नाही.”

लुगड्याला ते पटायचं.

घरात बाळ जन्मलं. यमुनाआत्यानं पेटी उघडून दोघांवरून हात फिरवला. “बाळाला हेच बरं. धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालंय,” म्हणत तिनं लुगड्याची दुपटी शिवली. पुढे दुपट्यांचं पोतेरं झालं आणि पोतेरं उकिरड्यात गेलं. उकाड्यात अंगाला चिकटते म्हणून साडीही तिथंच गेली.

काही वर्षांनी आत्यानं खतासाठी उकिरडा उपसला. लुगड्याची माती झाली होती; ती दोडक्याच्या वेलाला घातली. साडी जशीच्या तशी निघाली.

“म्हटलं होतं ना, मी संपणार नाही,” ती म्हणाली.

आत्यानं तिला झटकलं आणि परत उकिरड्यातच टाकलं.