अडवून धरलेली सम

"दर मैफलीच्या शेवटी तीच भैरवी! ऐकून ऐकून कान किटले. आज तिनं आम्हांला जागचं हलवलं नाही, तर उद्यापासून दरबारात तुमचं गाणं बंद!" महाराज कडाडले.

केतकीबाईंनी तरीही भैरवीच सुरू केली. महाराज हट्टानं दगडासारखे बसून राहिले. बाईंनी तान घेतली, तबलजीला डोळ्यानं खुणावलं आणि जिथं साऱ्यांच्या माना एकदम डोलायच्या, ती सम अगदी ओठांवर आलेली असताना दोघंही गप्प झाले.

महाराज ताडकन उभे राहिले. "अहो बाई, सम कुठाय?"

"कान किटलेला माणूस समेसाठी असा उठत नाही, महाराज. बसा, देते."

महाराज मुकाट्यानं बसले. "द्या. पण पहिल्यापासून."