उसातला वर्ग

माळ फोडून माणसांनी नुकताच ऊस लावला होता, तेव्हाची गोष्ट. त्या उसात भागाबाई कोल्हीण पिल्लांची शाळा घेत. विषय एकच: राखणीचे कुत्रे बांधावरून जाईपर्यंत गप्प बसायचं.

पण बारा पिल्लांतल्या एकाने "कुईऽ" केलं की बाकीची अकरा गळा काढत. कुत्रे धावून येत आणि वर्ग अर्ध्यावर टाकून पळावं लागे.

सुरुवात भुऱ्या करतो म्हणून भागाबाईंनी त्याला लांब बसवलं. दुसऱ्या दिवशी झिपरीने सुरुवात केली. तिलाही हलवलं, तर तिसऱ्या दिवशी एरवी तोंडही न उघडणारी चिंगी ओरडली!

"अगं, तुला काय झालं होतं?"

"काही नाही, बाई. सगळे ओरडणारच होते ना!"

भागाबाईंनी कपाळावर पंजा मारून घेतला. "एकाने केलं की सगळ्यांनी करायलाच हवं का? स्वतःचं डोकं आहे की नाही?" त्यांनी प्रत्येकाच्या दातांत उसाचं एकेक कांडं दिलं. "हे खाली पडलं तर याद राखा!"

त्या दिवशी एकही कांडं पडलं नाही. कुत्रे बांधावर आले, तरी वर्ग चिडीचूप. भागाबाईंना अगदी भरून आलं. तेवढ्यात समोरच्या टेकडीवरून कुण्या कोल्ह्याने हाळी दिली, "कुईऽऽ!"

उसातून एकच लांबलचक उत्तर गेलं.

कुत्रे वळले. बारा पिल्लं बाईंकडे बघत राहिली. मग पळण्याआधी चिंगीने आपलं चघळलेलं कांडं हळूच त्यांच्यापुढे ठेवलं.

"बाई, उद्या हे तुम्ही धरा."